खिडकीजवळची पेटी

१७ ऑक्टोबर १९६७, मंगळवार. अकोला.

बुधाचं पत्र आलं. जर्मनीहून आणलेला सेट अमरावतीच्या क्वार्टरमध्ये मांडून झाला. "दादा, जोडणीला तुझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, असं घरात सांगून ठेवलं आहे. रविवारी मायला घेऊन ये."

म्हणजे मी मेकॅनिक. भाऊ म्हणून नाही बोलावलं, तारा जोडायला बोलावलं.

शालूला पत्र वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "किती मानाचं लिवलं हाये! अन् तुमचं थोबाड कावून उतरलं?" बायकोला पत्रापेक्षा माझं थोबाड आधी वाचता येतं. मी म्हटलं, ऊन लागलं.

या वहीत खरं लिहायला हरकत नाही, ही माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. माझ्या पोटात दुखतं. बुधा माझ्याहून बारा वर्षांनी धाकटा. मी सातवीतून शाळा सोडून लाउडस्पीकरवाल्याच्या हाताखाली लागलो आणि बुधा शिकला. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर झाला, सरकारने दहा महिने जर्मनीत शिकायला पाठवला. सगळं रीतीने झालं. त्याने माझं काही हिसकावलं नाही. पण लोक मला आता "इंजिनिअरसाहेबाचे भाऊ" म्हणतात, आणि ताजनापेठेत पंचवीस वर्षं रेडिओ दुरुस्त करणारा डोमाजी कुठे गेला ते कोणी विचारत नाही.

२३ ऑक्टोबर, सोमवार.

काल अमरावतीला जाऊन आलो. सेट पाहिला. खोटं का बोलू, हात लावताना माझे हात धुतलेले आहेत की नाहीत ते मी दोनदा पाहिलं.

रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच लाकडी खोक्यात, त्याला ते रिसीव्हर म्हणतात. आवाज बाहेर पडायला दोन वेगळ्या पेट्या. एक बुधाने दाराजवळ ठेवली, दुसरी खिडकीजवळ. आमच्या यंत्रांत आवाजाची वाट एकच असते, यात दोन. डाव्या वाटेचं दारच्या पेटीतून वाजतं, उजव्या वाटेचं खिडकीच्या पेटीतून. त्याने एक तबकडी लावली. आगगाडी दाराकडून आली आणि खिडकीतून निघून गेली. सगळ्यांच्या माना तिच्याबरोबर वळल्या. माझीही वळली, त्याचा राग अजून आहे.

मायची मानही वळली. तिला काहीच ऐकू आलं नसणार. तिचा डावा कान मुळीच गेला आहे आणि उजव्याने तिला ऐकू येतं ते फक्त कानाशी ओरडलं किंवा पेटीच्या कापडाला कान टेकवला तर. पण सगळे वळले म्हणून ती वळली, सगळे हसले म्हणून हसली. मग म्हणाली, "माह्या बुधानं रेलगाडी आणली घरात!" मी तिच्यासाठी घरातला रेडिओ तीनदा नवा केला, तेव्हा असं काही म्हणाली नव्हती.

आमच्या बाबांचा स्मृतिदिन बारा नोव्हेंबरला. दरवर्षी तो माझ्याकडे अकोल्याला होतो. तथागताच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावायची, त्रिशरण-पंचशील म्हणायचं आणि मग मी टेपरेकॉर्डरवर बाबांची फीत लावायची. बाबा जलशात गात. नागपूरच्या दीक्षेहून आल्यावर त्यांनी स्वतः एक गाणं रचलं आणि सत्तावन साली मी ते दुकानात फितीवर घेतलं. एकोणसाठ साली बाबा गेले. त्यांचा आवाज जगात तेवढाच आहे, साडेतीन मिनिटं. माय रेकॉर्डरच्या कापडाला उजवा कान लावून बसते आणि रडते. आठ वर्षं असंच चाललं आहे.

यंदा बुधा म्हणतो, अमरावतीला करू. "बाबाचा आवाज या दोन पेट्यायतून आयकू दे लोकायले. तुह्या रेकॉर्डरचा दम गेला आता, दादा."

रेकॉर्डरचा दम गेला आहे हे खरं. पण ते मी म्हणायचं.

वर त्याचं दरवर्षीचं ठरलेलं. "फीत पह्यल्यापासून लावशीन. मधून नोको." मला सांगतो! सुरुवातीला मिनिटभर नुसती खरखर आणि ठोकठोक आहे, फीतही तिथे कच्ची आहे, म्हणून मी नेहमी ती पुढे सरकवून थेट गाण्यावर आणतो. पहिला भाग मी स्वतः कधी पुन्हा ऐकला नाही. याला काय कळतं त्यातलं? पण इंजिनिअर झाला की फितीतलंही कळत असेल.

माय तिथेच राहिली. बुधा म्हणाला, राहू दे महिनाभर. ती लगेच तयार झाली, पातळाची पिशवी तिने आधीच भरून आणली होती.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार.

गिऱ्हाईक नाही. घरात मायचा कोपरा रिकामा आहे. तिच्या रेडिओच्या कापडावर तिच्या कानाचा तेलकट डाग पडला आहे. शालूने आज धुऊ का विचारलं. मी नको म्हटलं.

जोडणीचं काम घेतलं. बुधाने सेटबरोबर आलेली एक जास्तीची वायर दिली आहे. तिच्या प्लगला पाच पिना. तीन नंबरची पीन डाव्या वाटेची, पाच नंबरची उजव्या. आमच्या जुन्या रेकॉर्डरमधून निघते एकच तार. ती तीनला जोडली की आवाज दारच्या पेटीत जातो. खिडकीच्या पेटीतही हवा असेल तर तीन नंबरपासून पाच नंबरपर्यंत तारेचा दीड इंचाचा तुकडा कथिलाचा डाग देऊन जोडायचा. बस. जर्मनीचा दहा महिन्यांचा अभ्यास आणि माझा दीड इंचाचा तुकडा.

आणि मग माझ्या मनात ते आलं.

तुकडा नाही जोडला तर? खिडकीची पेटी मुकी राहील. बुधाच्या घरी पंचवीस माणसं, त्याचे ऑफिसवाले, सगळ्यांसमोर जर्मनीची अर्धी मशीन बंद. बुधा बटणं फिरवेल. घाम फुटेल. मग मी उठेन, प्लग उघडेन, पाच मिनिटांत डाग देईन आणि दुसरी पेटी बोलू लागेल. लोक विचारतील, हे कोण? बुधा सांगेल, माझे दादा.

लिहून काढल्यावर फार पोरकट दिसतं. तरी दुपारभर मी तेच पुन्हा पुन्हा पाहत होतो आणि दर वेळी लोक थोडे जास्त टाळ्या वाजवत होते.

४ नोव्हेंबर, शनिवार.

अकोटहून एक जण रेडिओ घेऊन आला. म्हणाला, "तुमचे भाऊ जर्मनीले गेल्ते म्हन्ते? मंग तेच दुरुस्त करतात काय?"

मी त्याला म्हटलं, पंधरा दिवसांनी या.

१० नोव्हेंबर, शुक्रवार.

तुकडा जोडला. काढला. संध्याकाळी पुन्हा जोडला आणि जेवायच्या आधी पुन्हा काढला. शालू म्हणाली, "एवढ्या वायरीले कितीदा डाग देसान? जळून जाईन ते."

मायचं पत्र आलं, बुधाच्या अक्षरात. खुशाल आहे. तिला इथली काही आठवण आहे असं पत्रात कुठे नव्हतं.

तुकडा काढलेलाच ठेवला. हत्यारांची पिशवी मात्र बरोबर घेतो आहे.

१३ नोव्हेंबर, सोमवार.

झालं. माझ्या मनासारखं काहीच झालं नाही.

काल सकाळी बुधाकडे बसायला जागा नव्हती इतकी माणसं. बुधाची बायको सुभद्रा हिने बाबांच्या फोटोला पांढरा हार घातला होता. मेणबत्ती झाली, पंचशील झालं. बुधाने मायला खुर्ची दिली, खाली चादर घातली, खुर्ची स्वतः उचलून खिडकीच्या पेटीला भिडवली आणि तिचा उजवा कान पेटीच्या कापडाला लागेल अशी तिला बसवलं. माझ्याकडे पाहून म्हणाला, "माय आता बाबाच्या अगदी जवळ." मी तेव्हा प्लग लावत होतो. प्लग लावला की रेकॉर्डरचा स्वतःचा स्पीकर बंद होतो, आवाज सगळा बुधाच्या मशीनमध्ये. तेही माझ्या जिवावर आलं होतं.

फीत गाण्यावर आणून लावली. दारच्या पेटीतून बाबांचा आवाज निघाला तो एवढा मोठा आणि स्वच्छ की माझ्या अंगावर काटा आला. एवढा आवाज त्या फितीत होता हे मलाच माहीत नव्हतं. लोक हात जोडून बसले. आणि एकाच्याही ध्यानात आलं नाही की दुसरी पेटी मुकी आहे! पंचवीस माणसांत एकाच्याही नाही! मी हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन तयार बसलो होतो, साडेतीन मिनिटं तसाच बसलो. संपल्यावर सगळे म्हणाले, "वा बुधाजी, काय मशीन आणली!" माझ्याकडे चहाचा कप आला.

बुधा हळूच म्हणाला, "दादा, पह्यल्यापासून नाही लावली?" त्याचा चेहरा असा पडला होता की मला बरं वाटलं. मी म्हटलं, फीत कच्ची आहे.

मायचं सांगतो. ती पेटीला कान लावून शेवटपर्यंत बसली, एकदा हलली नाही. पहिल्यांदा तिने आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग मान डोलवायला लागली. दरवर्षी रडते. काल डोळ्यांत टिपूस नाही. धाकट्या लेकाच्या मशीनचं तिला एवढं कौतुक की नवऱ्यासाठी रडायचंही विसरली. "कसं वाटलं?" मी तिच्या कानाशी जाऊन विचारलं, तर म्हणाली, "चांगलं म्हटलं त्यायनं," आणि माझा हात धरून ठेवला. मला राग आला होता. मी हात सोडवून घेतला आणि बडनेऱ्याची गाडी गाठली.

२० नोव्हेंबर, सोमवार.

माय परत आली! महिना भरायच्या आत! तिनेच हट्ट धरला म्हणे. काल बुधा स्वतः तिला सोडून गेला. शालूला मी रव्याचा शिरा करायला लावला. बुधाही जेवला. जाताना म्हणाला, "माय तिकडं चार-पाच दिस कोणासंगं बोलली नाही, दादा. आमचं काही चुकलं काय?" मी म्हटलं, तिला इथली सवय आहे. हे म्हणताना मला किती गोड वाटलं ते इथे लिहून ठेवतो.

पण माय इथेही बोलत नाही. मी तिचा रेडिओ लावून दिला तर म्हणाली, "राहू दे, पोरा." दुसऱ्यांदा लावला तर तिने स्वतःच बंद केला. जर्मनीची पेटी ऐकल्यावर आमचा रेडिओ कशाला आवडेल? परत आली ती नुसतं शरीर घेऊन, मन अमरावतीला.

२२ नोव्हेंबर, बुधवार.

आजचं लिहायला नको वाटतं. तरी लिहितो.

आज दुपारी शालू दुकानात आली. ती कधी येत नाही. म्हणाली, "मायनं सांगू नोको म्हटलं, पण सांगतो. त्यायले वाटते तोही कान गेला."

"कोणता कान?"

"उजवा. मले म्हने, 'शालू व बाई, त्यायचा आवाज मले आयकू नाही आला. पेटीले कान लावून बसलो, पोरायच्या तोंडाकडं पाह्यलं, सारे आयकून राहिले. मी बी मान डोलावली. कानात ओरडलेलं तेवढं येते, पेटीतलं गेलं. पोरगं एवढ्या कौतुकानं बसवते, त्याले काय सांगू? आता रेडिओ लावतच नाही मी. लावला अन् तोही नाही आयकू आला, तं मंग?'"

शालूला वाटलं मायला डॉक्टरकडे न्यावं. ती गेल्यावर मी दुकानाचं दार लोटून घेतलं.

खिडकीची पेटी. मी मुकी ठेवलेली पेटी. मी माझ्या डोळ्यांनी मायला तिच्यावर कान टेकवताना पाहिलं, तेरा तारखेला या वहीत माझ्या हाताने तसं लिहिलं आहे. पंचवीस वर्षं तारा जोडतो, आणि या दोन गोष्टी मला जोडता आल्या नाहीत. बुधाचा चेहरा पाहण्यात मी मायचा चेहरा पाहिला नाही. तिने हात धरला होता तेव्हा ती घाबरलेली होती, आणि मी सोडवून घेतला.

२३ नोव्हेंबर, गुरुवार.

सकाळी रेकॉर्डर मायसमोर नेऊन ठेवला. वाटलं होतं, फीत लावतो, तिला ऐकू येईल, प्रश्न मिटला. कोणाला काही सांगायला नको. भेकड माणसाला सोपा रस्ता पटकन सापडतो.

तिने कान लावलाच नाही. दोन्ही हातांनी रेकॉर्डर मागे सारला. "नोको. नोको म्हन्तो न. एकडाव झालं तेवढं पुरे."

म्हणून सांगावं लागलं. आणि मायला काही सांगायचं म्हणजे उजव्या कानाला तोंड लावून ओरडावं लागतं. कबुली हळू आवाजात देण्याची सोयच नाही.

"माय! तुहा कान गेला नाही! पेटी बंद होती!"

"आं?"

"पेटी बंद होती! मी बंद ठेवली होती! मुद्दाम!"

"कावून?"

मी दाराकडे पाहिलं. शेजारची पार्बताबाई दारात येऊन उभी राहिली होती, तिच्यामागे आणखी दोघी. शालूच्या हातात परात तशीच. माय माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"जळून राहिलो होतो मी!" मी ओरडलो. "बुध्यावर! त्याची फजिती कराची होती मले!"

इतकं ओरडलो की खोकला आला. इतके दिवस या वहीत लपवलेलं आता सगळ्या गल्लीला पाठ आहे.

मायने आपल्या उजव्या कानाला हात लावून पाहिला. मग म्हणाली, "म्हंजे माहा कान हाये?"

मी मान हलवली. ती उठली, कोपऱ्यातल्या रेडिओपाशी गेली, बटण फिरवलं आणि कान त्या तेलकट डागावर टेकवला. आतून बाजारभाव चालले होते, अकोल्याच्या कापसाचे. ती रडायला लागली. कापसाचे भाव ऐकत ती पाच-सात मिनिटं रडली. मग डोळे पुसून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "नालायका. बुध्यालेही सांगशीन. असंच ओरडून."

२७ नोव्हेंबर, सोमवार.

काल अमरावतीला गेलो. मी, माय, शालू. दीड इंचाचा तुकडा इथूनच जोडून नेला होता.

बुधाला सांगितलं. त्याला ओरडून सांगायची गरज नव्हती, पण माय समोर बसून माझ्या ओठांकडे पाहत होती, म्हणून मोठ्यानेच सांगितलं. सुभद्रा आत निघून गेली. बुधाने ऐकून घेतलं. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, "मायले सांगितलं न? मंग झालं. आता पह्यल्यापासून लाव."

पुन्हा तेच! पण या वेळी नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. मायला खिडकीच्या पेटीशी बसवलं. फीत पार सुरुवातीपर्यंत उलटी गुंडाळली, हातानेच, तुटू नये म्हणून, आणि लावली.

आधी खरखर. मग ठोकठोक, मी माइक टेबलावर बसवत असेन. मग बाबा बोलले. गाण्याचा आवाज नव्हे, घरातला, रोजचा.

"डोमा, लागलं काय रे हे?... डोमा म्हनन तवाच म्हनतो मी. त्याले कळते सारं त्यातलं. हुशार हाये माहा डोमा."

मला ते आठवतच नव्हतं. मी तेव्हा कानाला हेडफोन लावून आवाज दाखवणाऱ्या काट्याकडे पाहत असणार, माझं लक्ष बाबांकडे नव्हतंच. आणि आठ वर्षं मी तेवढीच फीत पुढे सरकवत आलो.

मी बुधाकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. एकेक शब्द त्याला पाठ होता, कुठे थांबायचं तेसुद्धा.

गाणं सुरू झालं, संपलं. दोन्ही पेट्यांतून सारखाच आवाज निघाला की तो पेट्यांतून येतोय असं वाटत नाही, मधल्या मोकळ्या जागेतून येतो. तिथे बुधाच्या घरात नुसती भिंत आहे, भिंतीवर बाबांचा फोटो. माय रडली. दरवर्षीसारखी.

मग मी विचारलं, तुला कसं माहीत?

"साठ साली सुट्टीत आलो होतो," बुधा म्हणाला. "तू लग्नाचा लाउडस्पीकर घिऊन हिवरखेडले गेल्ता. दुकानात मी एकटाच होतो. तवा लावली. मंग दर सुट्टीत लावो." त्याने फितीच्या रिळाकडे बोट केलं. "बाबाचं बोलनं म्हनून जगात एवढंच हाये, दादा. अन् त्यात तुहं नाव दोनदा नाही, तीनदा हाये. माहं एकडावही नाही. मी शिकाले गेलो होतो न."

मला वाटलं काहीतरी बोलावं. बाबा तुझं नाव रोज घेत होते, तुझी पत्रं गल्लीत वाचून दाखवत होते, हे सांगावं. ते मी सांगितलंही. बुधाने मान हलवली. पण ते फितीवर नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

"तुले आयकू जावं म्हनून दरवर्षी सांगत होतो, पह्यल्यापासून लाव," तो म्हणाला. "अन् तू दरवर्षी पुढंच सरकवत होता. कधी कधी बरंच वाटे मले. खोटं कावून बोलू?"

मायला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. तिने पेटीवरून कान न काढता हात हलवला, पुन्हा लावा म्हणून.

मी फीत पुन्हा पार सुरुवातीला नेली. बटणावर बोट ठेवून बुधाकडे पाहिलं, गाण्यावर आणू का म्हणून. तो म्हणाला, "नाही. पह्यल्यापासून."